मागचा फॅन उलटा बसवलेला नाही, सर

नमस्कार सर. तुमचा परवाचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय, "कम्प्युटर गरम होऊन बंद पडतो म्हणून दिला. उद्या देतो म्हणाले आणि चार दिवस ठेवला, फोन उचलला नाही. 1,550 रुपये घेतले आणि मागचा फॅन उलटा बसवून दिला. हवा आत घ्यायची सोडून बाहेर फेकतो. यांना कामच येत नाही."

चार दिवस लागले ही चूक माझी. फॅन दुकानात शिल्लक नव्हते, संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सनं मागवले, ते पार्सल दोन दिवस उशिरा आलं. पण ते तुम्हाला फोन करून सांगायचं काम माझं होतं आणि तुम्ही दोनदा फोन केलात तेव्हा मी उचलला नाही. तुम्हाला मानवतकडून परभणीला एक चक्कर फुकट पडली. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण सर, फॅन उलटा बसवला आणि काम येत नाही हे तुम्ही चारचौघांत लिहिलंत, ते मला फार लागलं. 2009 पासून दुकान आहे. काल एका क्लासवाल्यांचा फोन आला, पाच कम्प्युटरची सफाई द्यायची होती, म्हणाले, "तुमच्याबद्दल असं कसं लिहिलंय?" आता ते काम येईल का नाही, माहीत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो फॅन बाहेरच हवा फेकायला लावलाय. त्याची जागाच ती आहे. कम्प्युटरच्या डब्याच्या पुढच्या बाजूनं खालून बाहेरची हवा आत येते, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरून जाताना तापते, तापलेली हवा वर चढते आणि मागच्या फॅननं बाहेर पडते. तुम्ही मागं हात लावून पाहिलात आणि गरम वारा लागला, म्हणून तुम्हाला वाटलं की हा गार करतच नाही. तो गरम वारा म्हणजेच आतली उष्णता, सर. ती बाहेर निघतेय म्हणून हाताला लागतेय. आपण उन्हाळ्यात खोलीला कूलर लावतो तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेवतो की नाही? ती बंद केली तर कूलर कितीही जोरात चालू द्या, खोलीत नुसतं उबायला लागतं. मागचा फॅन म्हणजे ती खिडकी.

फॅन कुठल्या बाजूनं कसा चालतो हे कुणालाही ओळखता येतं. ज्या बाजूनं पाकळ्या मोकळ्या दिसतात तिकडून हवा ओढली जाते. ज्या बाजूला मधली मोटर धरून ठेवणारे दांडे दिसतात तिकडून ती बाहेर पडते. तुमचा मुलगा मशीन न्यायला आला तेव्हा मी उदबत्ती लावून त्याला दाखवलं होतं. पुढच्या जाळीपाशी धरली तर धूर आत ओढला जात होता, मागं धरली तर लांब ढकलला जात होता. त्यानं स्वतः पाहिलंय, त्याला विचारा.

रिव्ह्यूबरोबर तुम्ही जो फोटो टाकलाय तो मी मोठा करून पाहिला. त्यात मागचा फॅन फिरवून लावलेला आहे, दांडे आतल्या बाजूला आलेत आणि चारपैकी दोनच स्क्रू आहेत. आम्ही चारही घट्ट करून दिले होते. म्हणजे घरी नेल्यावर कुणीतरी काढून उलटा केलाय. आता पुढचाही हवा आत घेतो आणि मागचाही आत घेतो, मग गरम हवेनं जायचं कुठून? बाहेर फेकायला एकटा पॉवर सप्लायचा छोटा फॅन उरला. "दोन दिवसांनी पुन्हा बंद पडला" असं तुम्ही खाली उत्तरात लिहिलंय, त्याचं कारण मला हेच दिसतं.

त्याच फोटोत बाजूचा पत्रा काढलेला आहे आणि समोर पाण्याचा कूलर चालू आहे. सर, हे आजच्या आज बंद करा, एवढं कळकळीनं सांगतो. त्या हवेत ओल असते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे क्षार कूलरच्या जाळीवर पांढरे जमतात ते तुम्ही पाहिलेच असतील, तसलं पाणी थेंबाथेंबानं मदरबोर्डवर गेलं तर बोर्ड जाईल. तो खर्च 1,550 मध्ये बसणार नाही.

आता त्या 1,550 चं. दोन 120 एमएमचे फॅन 900, पुढं बारीक जाळी 150, सफाई आणि प्रोसेसरवर लावायची, उष्णता ओढून नेणारी नवी पेस्ट मिळून 500. पावतीवर आहे सगळं. पण सफाई म्हणजे काय काढलं ते पावतीवर लिहिलेलं नाही, ते इथं लिहितो. प्रोसेसरवरच्या पंख्याचे स्क्रू सोडले तर खालच्या धातूच्या पट्ट्यांवर रुईचा थर बसलेला होता. बोटाएवढा जाड नव्हता, पण इतका गच्च की चिमट्यानं धरल्यावर वाकळ उचलावी तसा एका तुकड्यात निघाला. वरून फुफाट्याचा करडा रंग, खालून पांढरा कापूस. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा पट्ट्यांपर्यंत जातच नव्हता. मुलगा म्हणाला, भाव येईल म्हणून कापूस त्याच खोलीत ठेवलाय. त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, आमच्याही घरी गावाकडं तेच आहे. पण मशीन त्या खोलीत ठेवू नका.

शिवाय प्रोसेसरवरचा तो पंखा आणि पट्ट्या मिळून जो इंटेलचा कूलर होतो, त्याला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली एक सुटलेली होती. त्यामुळं कूलर एका कोपऱ्यात उचललेला आणि पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. आमच्याकडं चालू केल्यावर पाच मिनिटांत प्रोसेसर 98 अंशांवर गेला. 100 च्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं, तुमच्याकडं तेच होत होतं. काम झाल्यावर अर्धा तास पूर्ण लोड, म्हणजे जड काम देऊन चालवला, 74 च्या वर गेला नाही. तेव्हा दुकानात 39 अंश होते, दुपारची वेळ. फॅन खोलीतल्या हवेपेक्षा गार हवा कुठून आणणार? मे महिन्यात परभणीत 74 म्हणजे मशीन चांगलं आहे.

हे सगळं मी मुलाला सांगितलं होतं, पण तुम्हाला स्वतः सांगायला हवं होतं. काउंटरवर गर्दी होती, घाईत राहून गेलं. आता पुढं काम झालं की फोटो काढून मालकालाच पाठवायचा असं ठरवलंय. फोनचंही काहीतरी करतो.

मशीन कधीही घेऊन या, रविवारीसुद्धा चालेल, फक्त येण्याआधी फोन करा, मी उचलतो. फॅन सरळ करून देईन, पिना पुन्हा बघेन, त्याचे पैसे घेणार नाही. तोपर्यंत बाजूचा पत्रा लावून ठेवा आणि टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. तुमचा जुना मागचा फॅन आणि तो रुईचा थर दोन्ही एका पिशवीत बांधून दुकानात ठेवलेत. आलात की डोळ्यांनी पाहा आणि मग तुम्हाला जे वाटेल ते लिहा.