ताटाची डावी बाजू

मागच्या महिन्यात रक्त तपासलं. ती तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, 6.2 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी रोज पहाटे पुण्यातली वेताळ टेकडी चढणारा माणूस, त्यामुळे आधी लॅबवरच संशय घेतला. बायको म्हणाली, "अहो, चढता ते सगळ्या सोसायटीला माहितीये. उतरल्यावर काय खाता तेही सांगा डॉक्टरांना."

उतरल्यावर पोहे. रविवारी मिसळ. कुणाचा वाढदिवस असला की जिलबी. टेकडीच्या ग्रुपमध्ये चाळीस जण आहेत, वर्षाच्या जिलब्या तुम्हीच मोजा.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणतो चिया भिजव, दुसरा म्हणतो दिवसातून दोनदाच जेव, तिसरी वहिनी दर दोन तासांनी खायला सांगते. कंटाळून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 सालची मार्गदर्शक तत्त्वं उघडली. 2000 कॅलरींच्या आहारात धान्य 250 ग्रॅम, डाळी 85 ग्रॅम आणि भाज्या 400 ग्रॅम. भाज्या धान्यापेक्षा जास्त! लगेच ओट्यावरचा वजनकाटा काढला. आम्ही चार माणसं. पाव किलो फ्लॉवर, बटाटा घालून वाढवलेला, आम्हाला दोन्ही वेळा पुरतो. हिशेबाने रोज 1600 ग्रॅम भाजी लागते. म्हणजे आम्ही इतकी वर्षं पोळी भाजीला नुसती टेकवून खात होतो.

आजी पान वाढायची तेव्हा डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. ती कोशिंबीर रोज असायची, सणावारी नाही. काकडी, मुळा, गाजर, कोबीची पचडी, जे मंडईत स्वस्त असेल ते. आमच्या ताटाच्या डाव्या बाजूला आता लोणच्याची फोड आणि पापड उरलाय. म्हणजे कोशिंबीर गेली आणि मीठ तेवढं राहिलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, जेमतेम एक छोटा चमचा.

"जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. साबुदाण्याची खिचडी आणि "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण त्याच सोन्यातली. आणि ती माणसं चालायची किती! अण्णासाहेब कर्वे (1858–1962) 104 वर्षं जगले. हिंगण्याच्या आश्रमातून पुण्यात पायी ये-जा करायचे. त्याच हिंगण्याचं आता कर्वेनगर झालंय आणि तिथून मी कोथिंबीर आणायला स्कूटर काढतो.

भाकरीबद्दलही एक गैरसमज आहे, की ज्वारीची असली की कितीही खावी. अहो, तिच्यातही पिष्टच असतं. तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्या.

तर सध्या एवढंच करतोय. कोशिंबीर आणि भाजी आधी, पोळी-भात नंतर. या क्रमाने जेवलं की जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलंय. टेकडीनंतर घरी येऊन मुगाचं धिरडं. लोणचं रविवारी. मी शंभरी गाठेन की नाही, देव जाणे. पण शेवटची वीस वर्षं गोळ्यांची डबी शोधण्यात जाऊ नयेत एवढं वाटतं.

सगळ्यात अवघड काय, तर थांबणं. ओकिनावातले जपानी म्हातारे 'हारा हाची बू' म्हणत ऐंशी टक्के पोट भरलं की ताट बाजूला ठेवतात, हे आपण कौतुकाने फॉरवर्ड करतो. आपल्या आयुर्वेदातल्या वाग्भटानेही पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवायला सांगितलंय. पण आग्रहापुढे वाग्भटाचं काय चालतं? पुणेकर आग्रह करत नाहीत म्हणून जग आपल्याला हसतं. मला तर हल्ली वाटतं, पाहुण्याच्या तब्येतीची खरी काळजी फक्त आपणच घेतो.

काल कोल्हापूरहून साडू आले होते. दुसऱ्या पोळीनंतर बायकोने त्यांना आग्रह केला, तोही फक्त कोशिंबिरीचा, तीन वेळा. परत जाऊन ते काय सांगणार आहेत, ते आम्हाला ठाऊक आहे.