काळ्या पट्ट्यांनी काही कापलेलं नाही

चवथीला फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी सगळे जमतात. आरत्या, जेवणं आटोपली की माझ्या कपाटातली एखादी डीव्हीडी लागते. यंदा ‘कागज के फूल’ लावला, आणि पाच मिनिटांत भाच्याने रिमोट उचलून झूम दाबलं. कारण सगळीकडे फिरणारा तो निरोप: ‘टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या म्हणजे कंपनीने चित्र कापलंय. झूम करा, पूर्ण चित्र मिळेल. डिस्क घेताना फुल स्क्रीनवालीच घ्या. जुन्या सिनेमांनाही हेच करा.’

पट्ट्या म्हणजे चित्र कापलं? उलट आहे. आपला टीव्ही 16:9, म्हणजे उंचीच्या 1.78 पट रुंद. सिनेमास्कोप, म्हणजे खास रुंद पडद्यासाठी काढलेल्या सिनेमाचं चित्र साधारण 2.35 पट. अख्खी रुंदी पडद्यात बसवली की वर-खाली जागा उरणारच. ती रिकामी जागा आहे, तिथे कधी चित्र नव्हतंच.

झूम केल्यावर मात्र रुंदीचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. ‘कागज के फूल’ (1959) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत उतरणारा तो प्रकाशझोत टिपला, तेव्हा दोन माणसांमधलं अंतरच त्यांना दाखवायचं होतं. कडा छाटल्या की ते अंतरच उरत नाही. त्या रात्री मी भाच्याला दोन्ही प्रकारे तेच दृश्य दाखवलं. रिमोट त्याने आपणहून खाली ठेवला.

फुल स्क्रीन डिस्क तर त्याहून वाईट. त्या जुन्या 4:3 टीव्हीसाठी काढलेल्या. सिनेमास्कोप चित्रपट तशा चौकटीत भरला, तर 43 टक्के चित्र बाहेर राहतं, आणि काय ठेवायचं ते दिग्दर्शक नव्हे, दुसराच कोणी ठरवतो. इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी पणजीत तासन्‌तास रांगेत उभे राहणारे आपण, घरी असं अर्धंमुर्धं चित्र का चालवून घ्यावं?

जुन्या सिनेमांचं म्हणाल तर ‘संत तुकाराम’ (1936) जवळपास 4:3 आकाराचा. त्याच्या पट्ट्या डावी-उजवीकडे येतात. झूम केलं तर पाव उंची गेली. ताणलं तर तुकाराम झालेल्या पागनिसांचा चेहरा फुगला.

एका बाबतीत निरोप बरोबर आहे. काही जुन्या डीव्हीडींत पट्ट्या चित्रातच छापलेल्या असतात, म्हणून आजच्या टीव्हीवर चारही बाजूंनी काळं दिसतं. तिथे झूम जरूर करा. पण पॅल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीच्या 576 आडव्या रेषांपैकी अशा सिनेमास्कोप चित्राला सुमारे 327 च मिळतात. अ‍ॅनामॉर्फिक (रुंद चित्र आडवं दाबून साठवलेल्या, टीव्हीवर पुन्हा पसरणाऱ्या) डिस्कवर 436, म्हणजे चित्र जास्त स्पष्ट. म्हणून विकत घेताना वेष्टनामागे ‘अ‍ॅनामॉर्फिक’ किंवा ‘16:9’ शोधा. आणि घरी आल्यावर प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार 4:3 ठेवलेला नाही ना, ते बघा. आमच्या घरी तो कित्येक वर्षं तसाच होता.