ब्यूनस आयर्सचा ब्राझिलियन

३ ऑगस्ट १९९६ चा सामना आपल्याकडे एका पिढीला तोंडपाठ आहे. अटलांटा ऑलिंपिक, मनगट दुखावलेला लिएंडर पेस, पहिला सेट ३-६ असा हातचा गेलेला, मग ६-२, ६-४ आणि गळ्यात ब्राँझ. मी कऱ्हाडची, त्यामुळे आमच्याकडे त्या पदकाचं कौतुक जरा जास्तच. १९५२ साली हेलसिंकीला आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं होतं; त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली, ते हे. पेस जिंकला की खाशाबांची आठवण निघायची आणि खाशाबांची आठवण निघाली की पेसची. जाळीच्या पलीकडे कोण होतं हे मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. हरलेल्याचं नाव कोण लक्षात ठेवतो?

साओ पावलोत राहायला लागल्यावर कळलं की इथे त्याचंच नाव लक्षात आहे. मी भारतीय आहे म्हटल्यावर ऑफिसातला, टेनिसवेडा आणि पन्नाशीचा एक सहकारी पहिलं वाक्य बोलला ते ताजमहालाबद्दल नव्हतं. "तुमच्या त्या पेसने आमच्या फिनिन्योचं मेडल नेलं," म्हणाला. फिनिन्यो म्हणजे फेर्नांदो मेलिजेनी. अंगाने काटकुळा, म्हणून ते लाडाचं नाव. डावखुरा, चिवट, कोर्टवर सतत स्वतःशी आणि प्रेक्षकांशी बोलणारा. आता टीव्हीवर टेनिसचं समालोचन करतो, तेही तसंच, हातवारे करत.

त्या सामन्याचा एक तपशील आपल्याकडे सांगितला जात नाही, कारण आपल्याला त्याची गरजच पडली नाही. १९८८ च्या सोलमध्ये आणि १९९२ च्या बार्सिलोनात टेनिसच्या उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही ब्राँझ दिलं जायचं. तिसऱ्या जागेसाठी वेगळा सामना अटलांटापासून सुरू झाला. पेस आगासीकडून हरला आणि मेलिजेनी स्पेनच्या ब्रुगेराकडून. चार वर्षं आधीचा नियम असता तर दोघंही पदक घेऊन घरी गेले असते. दोघंही बिगरमानांकित, पेस तर वाइल्ड कार्डवर आलेला, जागतिक क्रमवारीत १२६ वा. त्या सामन्यानंतर एक जण आपल्या देशात कायमचा मोठा झाला आणि दुसरा चौथा आला. ब्राझीलला टेनिसमधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळायला मग टोकियो उजाडावं लागलं. तिथे लुइझा स्तेफानी आणि लाउरा पिगोसी यांनी चार मॅच पॉइंट वाचवून दुहेरीचं ब्राँझ मिळवलं. आपलं टेनिसमधलं खातं मात्र पेसच्या त्या एका पदकावरच थांबलं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. हा मेलिजेनी जन्माने ब्राझिलियन नाही. १९७१ साली तो ब्यूनस आयर्समध्ये जन्मला, म्हणजे अर्जेंटिनात, आणि चार वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर साओ पावलोला आला. ज्यांना हे दोन देश माहीत नाहीत त्यांना यातली गंमत कळायची नाही. ब्राझीलच्या माणसाला जगात कुणाकडूनही हरलेलं चालतं, अर्जेंटिनाकडून नाही. सीमेवर तोफा नाहीत, माणसं उन्हाळ्यात एकमेकांच्या समुद्रकिनाऱ्यांवर लोळतात, पण फुटबॉलचा विषय निघाला की घरातली म्हातारी बाईसुद्धा पेटते. टेनिसमध्ये तर अर्जेंटिनाची परंपरा कितीतरी भक्कम. तिथला दिग्गज गियेर्मो व्हिलास याच्यानंतर तिथे मातीच्या कोर्टवर पोरांच्या पिढ्या तयार होत गेल्या. अशा वेळी त्याने ब्राझीलचं नागरिकत्व घेतलं आणि डेव्हिस कपमध्ये पिवळा-हिरवा शर्ट घातला. पुढे काही काळ त्याच संघाचा कर्णधारही झाला.

हे सगळं लिहायचं कारण कऱ्हाडच्या घरच्या ग्रुपवर चाललेला वाद. आमच्या दादाकाकांचा नातू अमेरिकेत जन्मला, तिथल्या कॉलेजच्या संघातून टेनिस खेळतो, चांगला खेळतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते; भारताचा पासपोर्ट नाही. २००८ च्या डिसेंबरात आपल्या क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारतीय पासपोर्ट असेल त्यालाच देशाकडून खेळता येईल. विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश, जन्माने अमेरिकन, तोवर आपल्या डेव्हिस कप संघात खेळत होता. त्या निर्णयाने त्याची वाट बंद झाली. फुटबॉलवाले अधूनमधून हा विषय काढतातच. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात वाढलेल्या रायन विल्यम्सने तिकडचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला, त्याच्या आईकडचं घराणं मुंबईतलं अँग्लो-इंडियन, आणि वाद पुन्हा तापला. काकांचं म्हणणं असं: नियम मूर्खपणाचा आहे, आपलंच रक्त आहे, पोरांना खेळू द्या, पदकं येतील.

हेच काका महाराष्ट्राच्या संघात "बाहेरची" नावं दिसली की दोन दिवस जेवत नाहीत.

मला या दोन मतांत विसंगती दिसत नाही, ती एकाच मुळातून आलेली आहेत. न्यू जर्सीतला पोरगा आपला, कारण आडनाव आपलं. पिंपरीत वाढलेली पोरगी बाहेरची, कारण आडनाव आपलं नाही. ती कुठल्या मैदानावर वाढली, कुणाच्या ओरडण्यावर धावली, कुठल्या एसटीने स्पर्धेला गेली, याला या हिशेबात जागाच नाही.

मेलिजेनीची कारकीर्द या हिशेबात बसत नाही, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. तो फार मोठा खेळाडू होता का? नाही. एकेरीत एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, तीन विजेतेपदं: १९९५ ला स्वीडनमधलं बोस्टाड, १९९६ ला अमेरिकेतलं पाइनहर्स्ट, १९९८ ला प्राग. तिन्ही मातीवरची. सर्वोत्तम क्रमांक २५. त्यात नशीब असं की त्याच्याच काळात, त्याच्याच संघात गुस्तावो कुएर्तेन ऊर्फ गुगा होता. गुगाने १९९७ मध्ये ६६ व्या क्रमांकावर असताना फ्रेंच ओपन जिंकली, मग २००० आणि २००१ मध्ये पुन्हा, आणि मधे जगात पहिलाही झाला. अशा माणसाशेजारी दुसरा क्रमांक म्हणजे लग्नातला करवला.

तरी १९९९ ची पॅरिसची स्पर्धा पाहा. मेलिजेनीने तिसऱ्या फेरीत पॅट राफ्टरला काढलं, मग फेलिक्स मांतिया, मग उपांत्यपूर्व फेरीत आलेक्स कोरेत्झा, जो आदल्या वर्षीचा उपविजेता. मानांकित, मातीवरचे कसलेले लोक. ड्रॉच्या त्याच भागात गुगा खेळत होता. गुगा आपला सामना जिंकला असता तर उपांत्य फेरीत ब्राझील विरुद्ध ब्राझील झालं असतं, आणि त्यातला एक ब्राझिलियन अर्जेंटिनात जन्मलेला! पण युक्रेनच्या आंद्रेई मेदवेदेवने आधी गुगाला हरवलं, नंतर मेलिजेनीला. मेदवेदेव स्वतः अंतिम सामन्यात आगासीविरुद्ध दोन सेटची आघाडी घेऊन हरला, ती वेगळी कथा.

आणि मग २००३. सांतो दोमिंगोची पॅन अमेरिकन स्पर्धा. मेलिजेनी ३२ वर्षांचा, निवृत्ती जाहीर करून बसलेला. एटीपीच्या दृष्टीने या स्पर्धेला फारसं वजन नाही, पण लॅटिन अमेरिकेत तिथलं सुवर्ण म्हणजे सुवर्ण. अंतिम सामन्यात समोर चिलीचा मार्सेलो रिओस, १९९८ मध्ये जगात पहिला असलेला, हातात जादू आणि जिभेवर काटे असलेला माणूस. मेलिजेनीने पहिला सेट गमावला, मॅच पॉइंट वाचवले, तिसऱ्या सेटमध्ये जिंकला आणि व्यावसायिक टेनिस तिथेच संपवलं. त्याचा शेवटचा सामना हाच. माझ्या सहकाऱ्याच्या मते हा ब्राझीलच्या टेनिसमधला गुगाच्या पॅरिसनंतरचा सर्वांत मोठा दिवस. मला ते जरा फुगवून सांगितल्यासारखं वाटतं, पण त्याच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही.

मी त्या सहकाऱ्याला एकदा सरळ विचारलं, अर्जेंटिनात जन्मलेला माणूस तुम्हाला चालतो कसा? त्याला प्रश्नच समजला नाही. "तो इथे वाढला ना," एवढंच म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

ब्राझील म्हणजे मोठ्या मनाच्या लोकांचा स्वर्ग, असं चित्र मी रंगवणार नाही. मेलिजेनी गोरा, आडनाव इटालियन. साओ पावलोत अशी आडनावं पायलीला पन्नास. शहरातल्या ब्रास आणि बों रेतिरो या भागांतल्या शिलाईखोल्यांत राबणाऱ्या बोलिव्हियन बाईच्या पोराला हीच वागणूक मिळते का? मी रोज मेट्रोने जाते, मला माहीत आहे की नाही मिळत. पण कायदा निदान त्याच्या बाजूने आहे. इथे जन्मलेलं मूल इथलं, असं घटनाच म्हणते. माझा मुलगाही त्याच न्यायाने ब्राझिलियन आहे. बाहेरून आलेल्यालाही ठरावीक वर्षं राहिल्यावर नागरिकत्व मागता येतं. फक्त राष्ट्राध्यक्ष, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, राजनैतिक अधिकारी अशी मोजकी पदं जन्माने ब्राझिलियन असणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहेत. बॅकहँड त्या यादीत नाही.

आपल्याकडे उलट काय होतं त्याचं उदाहरण सानिया मिर्झा. २०१४ मध्ये तेलंगणाने तिला राज्याची ब्रँड अँबॅसडर केलं, तर तिथल्या एका आमदाराने तिला पाकिस्तानची सून ठरवलं. त्यावर कडी म्हणजे, ती जन्मली महाराष्ट्रात, म्हणजे हैदराबादची मुळात नाहीच, असाही मुद्दा काढला. मुंबईत जन्मली हा गुन्हा! लहानपणापासून हैदराबादच्या उन्हात खेळलेली मुलगी, ग्रँड स्लॅम जिंकलेली, आणि तिला आपलं म्हणायला कागद तपासायचे. दोनच वर्षांनी हीच सानिया रोहन बोपण्णाबरोबर रिओ ऑलिंपिकमध्ये, इथे ब्राझीलमध्येच, मिश्र दुहेरीत चौथी आली. चौथी येणाऱ्याशी इथले लोक कसे वागतात ते वर सांगितलंच. आपण तिच्या चौथ्या जागेबद्दल किती बोललो? जिंकली असती तर हैदराबाद आणि मुंबई दोघांनीही मिरवणूक काढली असती, यात मला शंका नाही.

खाशाबांचंही वेगळं काय झालं? हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे दिले. पदक आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. रक्ताने, जन्माने, आडनावाने शंभर टक्के आपला माणूस! त्यामुळे ओसीआय नातवंडं आली की आपण खेळाडू जपू लागू, या काकांच्या आशेला आधार कशाचा, ते मला कळत नाही.

२००८ च्या नियमाबद्दल मी काकांच्या विरुद्ध बाजूला आहे. पासपोर्टची अट राहू द्यावी. आराता इझुमीने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून फुटबॉल खेळला. तो तोवर पुणे एफसीत काही हंगाम घाम गाळून बसला होता. तो मला मेलिजेनीच्या रांगेतला वाटतो. पासपोर्ट बदलणं त्याच्या दृष्टीने शेवटचं पाऊल होतं, पहिलं नव्हे. रायन विल्यम्सही आधी बंगळुरू एफसीकडून खेळला, मग अर्ज केला. दोघांनाही आजोबांच्या पुण्याईवर संघात घेतलेलं नाही.

बदल करायचाच असेल तर नागरिकत्वाच्या अर्जाचा वेग वाढवा, आणि तोही इथे येऊन राहिलेल्यांसाठी. राज्याच्या पातळीवर तेच. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि अधिवासाचा दाखला काढायला साधारण पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मेलिजेनी चार वर्षांचा असताना आला म्हणून त्याला असल्या अटी जड गेल्या नसत्या. बाराव्या वर्षी बांधकामावरच्या बापाबरोबर पुण्यात आलेल्या मुलीला मात्र ऐन उमेदीची सगळी वर्षं दाखल्याची वाट बघावी लागेल.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, थोडं सौम्य करून. दादाकाकांना अट सांगितली: नातवाला दोन-तीन वर्षं भारतात पाठवा, तिथल्या आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धा खेळू दे, दिल्लीत फेनेस्टाची राष्ट्रीय स्पर्धा खेळू दे, पात्रता फेरीत हरू दे, मग अर्ज करू दे, मी स्वतः त्याच्यासाठी सह्या गोळा करीन. काकांचं उत्तर लगेच आलं. असं केलं तर पोराची अमेरिकेतली स्कॉलरशिप जाईल, म्हणाले. जाईलच.