‘आयटीआय म्हणजे दोन वर्षं पाण्यात’ : त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या बहिणीने एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, “दादा, हे खरं आहे का? फॉर्म मागे घेऊ का?” भाच्याने आयटीआयला अर्ज केलाय, फिटर पहिल्या पसंतीला. मेसेज कुणी लिहिलाय पत्ता नाही, ‘एमआयडीसीतला अनुभवी एचआर’ एवढीच सही. म्हणणं थोडक्यात असं : आयटीआयत नुसतं लोखंड घासायला लावतात, आता सगळं सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) होतं, तिथे बटण दाबायचं काम, ते आठ दिवसांत कुणीही शिकतो, आयटीआयतली मशिनं जुनाट, प्रगत देशांत असले कोर्सच नाहीत, तिथे सगळे इंजिनिअर, सोलापुरात चादरी सोडून आहे काय, आणि अप्रेंटिस म्हणजे फुकट राबवणं. तेव्हा यूट्यूबवर शिका आणि थेट कंपनीत चिकटा.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे त्या बटणापासूनच सुरुवात करतो.

सायकल स्टार्टचं बटण दाबायला आठ दिवस कशाला, आठ मिनिटं पुरतात. भानगड त्यानंतरची आहे. समजा जॉबला, म्हणजे मशीनवर कापायच्या तुकड्याला, ४० एच७ चा बोअर, म्हणजे गोल भोक, आहे. ड्रॉइंगवर एवढंच लिहिलेलं असतं. अर्थ असा की बोअर ४०.००० ते ४०.०२५ मिमीच्या आत हवा, म्हणजे २५ मायक्रॉनची मुभा; मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग. सकाळी पहिला जॉब ४०.०१२ येतो, सगळे खूश. मग इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टोकाची, धार झिजत जाते आणि बोअर लहान होत जातो. ४०.००८. ४०.००४. आता वेअर ऑफसेटला, म्हणजे झीज भरून काढायला मशीनमध्ये टाकायच्या आकड्याला, दहा मायक्रॉन प्लस द्यायला हवेत, हे ऑपरेटरला स्वतःहून कळावं लागतं. नाही कळलं तर बोअर लहान राहतो; तो निदान पुन्हा कापता तरी येतो. पण घाईत ०.०१ च्या जागी ०.१ टाकलं की जॉब थेट भंगारात. मशीन तक्रार करत नाही. सांगितलं तेवढं ते इमानदारीत कापतं.

बरं, मोजायचं तरी कसं? मशीनवरून ताजा उतरवलेला पोलादी जॉब २० अंशांनी गरम असेल तर तो ४० मिमीचा बोअर साधारण ९ मायक्रॉन मोठा दिसतो. २५ पैकी ९! बोअर गेजवर ४०.००५ वाचून पोरगं ‘ओके’च्या ट्रेमध्ये टाकतं, आणि थंड झाल्यावर क्वालिटीवाला तोच जॉब ३९.९९६ म्हणून परत पाठवतो. मग दोघांची जुंपते. पोलाद तापलं की फुगतं हे शाळेतही शिकवतात, पण हातात गेज असताना ते आठवायला सरावच लागतो. आठ दिवसांत होतो म्हणणाऱ्या एचआरसाहेबांनी एकदा रात्रपाळीला येऊन दाखवावं.

लोखंड घासण्याची थट्टाही याच जातीची. फिटरच्या पोराला कानस देतात ती पत्रा सपाट करण्यापुरती नसते. घासायचं, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचा, उजेडासमोर धरायचं, फटीतून प्रकाश दिसला की परत घासायचं. एक दशांश मिमी म्हणजे किती, हे हाताला तिथे पहिल्यांदा कळतं. यूट्यूबवर जरूर बघा, मीही बघतो. पण व्हिडिओतला गुण्या आपल्या जॉबला लागत नाही.

मशिनं जुनी आहेत, हे मात्र कबूल करावं लागेल. बऱ्याच ठिकाणी लेथ आजोबांच्या वयाचे आहेत, निदेशकांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि पास झालेल्या काही पोरांना व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) धड वाचता येत नाही; इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना विचारा. पण यातून ‘शिकूच नका’ कसं निघतं? आयटीआयतला पाया आणि कारखान्यातलं चालू मशीन, दोन्ही लागतात. जर्मनीत नेमकं हेच करतात : पोरगं तीन-साडेतीन वर्षं कंपनीशी करार करून काम शिकतं आणि त्याच काळात व्यवसायशाळेतही जातं. म्हणे तिथे सगळे इंजिनिअर! आपल्याच केंद्र सरकारचं २०१५ चं कौशल्य विकास धोरण उघडून बघा. औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेले कामगार भारतात ४.६९ टक्के, जर्मनीत ७५, जपानमध्ये ८०, दक्षिण कोरियात ९६. ज्या देशांची नावं घेऊन हा माणूस आयटीआय बंद करायला निघालाय, ते देश याच वाटेने गेले.

सोलापुरात काय आहे, हा प्रश्न सोलापूरकराने विचारावा याचंच नवल. इंजिनांचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) इथे बनून परदेशात जातात, किर्लोस्कर फेरसची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, इथे आहे. आणि चादरींचं म्हणाल तर बापाशेजारी उभं राहून मागाची जॉबरकी, म्हणजे माग लावायचं-दुरुस्त करायचं काम, शिकता यायची, तो माग शटलचा (धोट्याचा) होता. रेपियरवर, म्हणजे बिनधोट्याच्या नव्या मागावर, सेन्सर कशामुळे माग थांबवतोय हे बापालाही कुणी शिकवलेलं नाही. म्हणून साधा बिघाड झाला तरी बाहेरच्या टेक्निशियनची वाट बघत माग उभा.

पुढचं शिक्षण बंद होतं, अशी एक पुडी मेसेजच्या शेवटी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. विषय संपला.

राहिलं अप्रेंटिस. पोरांना झाडू मारायला, ट्रॉल्या ढकलायला लावणारे कारखाने आहेत, मी बघितलेत. पण ‘फुकट’ हा शब्द खोटा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, आणि २०१९ च्या नियमांनी आयटीआयवाल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. बहिणीला मी एवढंच लिहिलंय : फॉर्म राहू दे. दोन वर्षांनी अप्रेंटिसला लावताना करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का ते बघायचं, आणि पोराला कुठल्या मशीनवर उभं करणार हे तोंडावर विचारायचं. ‘बघू नंतर’ म्हणाले, तर उठून पुढच्या गेटला जायचं.