‘सगळ्या जुनाट आजारांचं मूळ रिसेप्टरच्या अँटीबॉडीज’ म्हणे!

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. सारांश असा की कायमचा थकवा, धडधड, उठलं की चक्कर, ब्रेन फॉग (काही सुचेनासं होणं), या सगळ्याच्या मागे पेशींवरच्या रिसेप्टरविरुद्ध (म्हणजे हार्मोन वगैरेंचा निरोप घेणाऱ्या प्रथिनांविरुद्ध) आपल्याच शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज असतात, डॉक्टर हे मानत नाहीत, पॅनल टेस्ट (अशा बऱ्याच अँटीबॉडीज एकदम शोधणारी रक्ततपासणी) करा, पॉझिटिव्ह आलं की कारण सापडलं, मग रक्त ‘धुवून’ घ्या आणि बरे व्हा. यात थोडं खरं मिसळलेलं आहे, आणि पंचाईत तिथेच आहे.

आधी ‘डॉक्टर मानत नाहीत’ हे घ्या. अहो, 1956 सालीच न्यूझीलंडमध्ये ॲडम्स आणि पर्व्हिस या दोघांना ग्रेव्हज डिसीजच्या (थायरॉइड अती काम करतं त्या आजाराच्या) रुग्णांच्या रक्तात थायरॉइडला बराच वेळ चेतवत ठेवणारं काहीतरी सापडलं होतं, पुढे ती अँटीबॉडी निघाली. ती थायरॉइडला कामाला लावणाऱ्या टीएसएच या हार्मोनच्या रिसेप्टरवर जाऊन बसते आणि कुणी बेलचं बटण दाबून धरावं तशी ग्रंथी हार्मोन सोडतच राहते. तिची टेस्ट आज सर्रास होते, लपवलंय कुठे?

आता खरा घोळ, ‘सापडली म्हणजे तीच कारण’. उठल्यावर ठोके भरमसाट वाढतात त्या पॉट्स आजाराचे 116 रुग्ण आणि 81 निरोगी लोक घेऊन याच प्रकारच्या एलायझा टेस्टने (प्लेटवर रिसेप्टर लावून रक्तातली अँटीबॉडी त्याला चिकटते का हे पाहणाऱ्या) तपासलं, 2022 मध्ये निकाल छापून आला. एका ॲड्रेनर्जिक (ॲड्रेनलिनचा निरोप घेणाऱ्या) रिसेप्टरच्या अँटीबॉडीज 98 टक्के रुग्णांमध्ये कटऑफच्या, म्हणजे पॉझिटिव्ह ठरवायच्या आकड्याच्या, वर होत्या, आणि निरोगी लोकांमध्ये? 100 टक्के! मग अशा पॉझिटिव्ह रिपोर्टचं करायचं काय, तुम्हीच सांगा. त्यात हे रिसेप्टर पेशीच्या आवरणात सात वेळा आतबाहेर ओवलेले असतात, तिथून काढून प्लेटवर चिकटवले की त्यांचा आकार तोच राहील याची खात्री नाही, म्हणजे प्लेटवर जे चिकटलं ते जिवंत पेशीवर काही करतं का हे वेगळं तपासावंच लागतं.

कारण सिद्ध कसं करतात ते मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर थकून दुबळे पडतात त्या आजारात, बघा. 1973 मध्ये ईल माशाचा ॲसिटाइलकोलीन रिसेप्टर (आपल्या स्नायूंवर नसेचा निरोप घेणारा) सशांना टोचला, तर त्यांच्यात अँटीबॉडीज तयार झाल्या आणि ससे लुळे पडले. दोनच वर्षांत रुग्णांच्या अँटीबॉडीज उंदरांना देऊन तोच दोष उंदरांत दिसला. शिवाय आईला हा आजार असेल तर काही बाळं जन्मतः ढिली असतात, नीट दूध ओढता येत नाही, आणि आईकडून आलेल्या अँटीबॉडीज ओसरल्या की आपोआप सुधारतात. याला म्हणतात पुरावा!

‘अँटीबॉडीचा आकडा जास्त तर आजार जास्त’ हेही नाही. मायस्थेनियात वेगवेगळ्या रुग्णांचे आकडे शेजारी ठेवून कोण जास्त आजारी ते कळत नाही.

राहिलं रक्त धुणं. मायस्थेनियात श्वास अडकायची वेळ येते तेव्हा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला पातळ भाग अँटीबॉडीजसकट काढून बदलणं) जीव वाचवतं, पण असर काही आठवडेच टिकतो, कारण अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी शरीरातच असतात. आणि त्यात शिरेत घातलेल्या मोठ्या नळीचं इन्फेक्शन, बीपी पडणं हे धोके आहेतच. लाँग कोविडसाठी अशा अँटीबॉडीज निष्प्रभ करणारं बीसी 007 नावाचं औषध 2021 मध्ये एका रुग्णावरच्या अनुभवावरून गाजलं, 2024 मध्ये ट्रायलचा निकाल आला तर प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ डोसपेक्षा) सरस नाही. त्याआधी क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये बी पेशी (ज्यांच्यापासून अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या) घटवणारं रिटक्सिमॅब हे औषध नॉर्वेत 151 रुग्णांवर वापरून पाहिलं, 2019 चा निकाल तोच, फायदा नाही.

आता लगेच उलट्या बाजूने ‘म्हणजे सगळं मनाचे खेळ’ असं कुणी म्हणू नका हं. फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर दुखत राहण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या अँटीबॉडीज उंदरांना दिल्या तर त्यांना दुखणं जास्त जाणवायला लागलं, हे 2021 मध्ये दिसलंय, म्हणजे काही आजारांत अँटीबॉडीजचा हात असेलही. शोध चालू आहे. पण दिवस कलेल तशी पापणी खाली येत असेल, एकाचे दोन दिसत असतील, किंवा धडधडीबरोबर वजन उतरत असेल तर महागड्या पॅनलच्या मागे न लागता डॉक्टरकडे जा, यासाठीच्या टेस्ट आणि औषधं दोन्ही आहेत.