रंगाचे किती झाले?

लिहूनच टाकते. तोंडाने बोलले तर भांडण होतं, आणि आमच्या वाडीत भांडून राहता येत नाही, सगळ्यांची पाणंद एकच.

मी चित्रं काढते. छंद म्हणून नाही, त्यावरच पोट आहे. सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात शिकले, वर्गातले अर्धे मुंबईला गेले, मी परत आले. कुडाळच्या अलीकडे घर, पडवीत टेबल, वर कौलं. परत आल्याचा पश्चात्ताप नाही. पण एक प्रश्न आहे, तो ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. काम संपतं, समोरचा माणूस चार पावलं मागे सरकतो, मान तिरकी करतो, "मस्त झाला गो!" म्हणतो, आणि खिशात हात घालता घालता विचारतो, "रंगाचे किती झाले?"

रंगाचे!

वायरमन घरी येऊन फिटिंग करून जातो, त्याला कोणी "तांब्याचे किती झाले" विचारत नाही. माडावर चढणारा माडामागे पैसे घेतो. नारळ आपले, माड आपला, कोयता तेवढा त्याचा. मग त्याला विचारा की, "कोयता झिजला त्याचे किती झाले?" पुढच्या खेपेला तो तुमच्या गडग्याच्या आतसुद्धा येणार नाही आणि नारळ तुमच्या टाळक्यात पडतील. त्याला सगळे घाबरतात. मला कोण घाबरणार? चित्र नाही काढलं म्हणून कोणाच्या डोक्यात काही पडत नाही.

मार्चमध्ये तारकर्लीकडून एका होमस्टेवाल्याचा फोन आला. नवीन बांधलाय, दर्शनी भिंतीवर चित्र हवंय. गेले. भिंत उघड्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, वीस फूट लांब, समोर समुद्र. चिरा रंग पितो हो. दोन हात प्रायमरचे मारल्याशिवाय त्यावर रेघ टिकत नाही, आणि खारा वारा असा की एवढं करूनही दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. हे सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, वारली काढा. टुरिस्टला वारलीच लागते."

वारली कुठली? डहाणू-जव्हारची. तिथल्या बायका कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यात त्यांची देवी असते. मालवणच्या किनाऱ्यावर तिचं काय काम? मी म्हटलं, अहो, इथून जवळ पिंगुळी आहे. ठाकर समाजाची चित्रकथी तिथली, पोथीतली चित्रं एकेक उलगडत रामायण-महाभारत सांगायची रीत. परशुराम गंगावण्यांना 2021 साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या माणसांना बोलवा, नाहीतर मी माझ्या हाताचं काहीतरी काढते, या किनाऱ्याचं. तर म्हणतो, "ते ठीक आहे, पण त्यात ती गोल नाचणारी माणसं नसतात ना."

बरं, वारली तर वारली. पैशांचं काय? "दोन दिवस इथेच राहा, एसी रूम देतो. सुरमई थाळी. आणि खाली तुमचं नाव नि नंबर मोठा लिहा, केवढी पब्लिसिटी होईल!"

मला घर आहे. तिथून तासाभरावर. सुरमई मला बंदरावर मिळते, तीही पैसे देऊन, कारण मासेविकणीला मी "तुमच्या पाटीचा फोटो काढून टाकते, पब्लिसिटी होईल" म्हटलं तर ती पाटीतलं मासळीचं पाणी माझ्या अंगावर ओतेल. आणि बरोबर करेल.

आता हे "रंगाचे" म्हणजे नक्की कशाचे, तेही सांगते. चांगला सुती कागद, तीनशे ग्रॅमचा, एक ताव मला साडेतीनशेला पडतो. असे दहा ताव मेमध्ये आणून ठेवले. जुलैत कपाट उघडलं तर चार तावांवर बुरशीचे पिवळे ठिपके. चहाचे शिंतोडे उडावेत तसे. वरून दिसतही नाहीत, पाण्याचा वॉश दिला की त्या जागी रंग पसरतो आणि आभाळाला देवी आल्यासारखं दिसतं. कपाटात चोवीस तास बल्ब पेटता ठेवलाय, कापराच्या वड्या टाकल्यात, कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेत. तरी येते. बाहेर पाऊस असा की जलरंगाचा एक थर सुकायला सकाळची दुपार होते. केस सुकवायचं यंत्र घेऊन बसावं तर लाइट गेलेली. ब्रशचं पत्र्याचं बोंड गंजतं, त्याचा तांबूस डाग नेमका पांढऱ्यात उतरतो. ते चार ताव, तो बल्ब, ती वाट बघण्यात गेलेली दुपार, यातलं काय काय धरायचं मी रंगाच्या हिशोबात?

आणि नुसत्या गिऱ्हाइकांवर ओरडून चालणार नाही. आमची आपली माणसं काही कमी नाहीत. तालुक्याला आम्हा कलाकारांचं एक मंडळ आहे. वर्षातून एक प्रदर्शन. प्रवेश फी आम्हीच भरायची, फ्रेम आम्हीच करायची, ती एसटीतून मांडीवर धरून आम्हीच न्यायची. हॉलच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, म्हणून खिडकीच्या गजांना सुतळीने चित्रं टांगायची. पंखा लावला की सगळं प्रदर्शन हलतं. उद्घाटनाला पाहुणे दीड तास उशिरा, भाषण पाऊण तास. भाषणात सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, हमखास येते. तिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केवढा अभिमान, टाळ्या. एकदा मी सावंतवाडीच्या राजवाड्यात ती पानं बघत उभी होते. दशावतारी गंजिफाचा एक जोड म्हणजे 120 पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. प्रत्येक पान गोल, प्रत्येक हाताने रंगवलेलं. शेजारच्या काकांनी किंमत वाचली आणि बायकोला म्हणाले, "पत्त्यांचे एवढे? आपल्याकडे आहेत की, प्लास्टिकचे, धुता पण येतात." चिडू की हसू कळेना. अभिमानाला पैसे पडत नाहीत, म्हणून तो सगळ्यांना परवडतो.

तर मंडळ. शेवटी शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. माझ्याकडे अकरा सन्मानचिन्हं झाली आहेत. एकाचा उपयोग होतो, पडवीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. मागच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, आपण सगळ्यांनी मिळून एक दर ठरवू. भिंतीला चौरस फुटामागे अमुक, रंगभरण स्पर्धेला परीक्षक म्हणून जायचं तर निदान जाण्यायेण्याचं भाडं आणि दिवसाचे पैसे. दशावतारी नाटक कंपनीसुद्धा नाईट, म्हणजे रात्रीचा प्रयोग, ठरवते तेव्हा बिदागी आधी बोलते, मग आपल्याला कसली लाज? शांतता. मग एक ज्येष्ठ सर म्हणाले, "कलेत पैसा बघू नये. आम्ही आयुष्यभर सेवा केली." सरांबद्दल आदर आहे, त्यांची व्यक्तिचित्रं खरंच सुरेख. पण सर अख्खी नोकरी शाळेत चित्रकला शिक्षक होते आणि आता महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते. सेवा मीही करीन हो, माझी पेन्शन कोण देतंय? त्याच मीटिंगमध्ये मान हलवणाऱ्या, बँकेत नोकरीला असलेल्या रविवारच्या चित्रकाराने पुढच्याच आठवड्यात तारकर्लीची ती भिंत करून दिली. थाळीवर. वारली.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पहिली सहा-सात वर्षं मीच सगळ्यांना फुकट करून दिलं. लग्नाचे बोर्ड, देवळाचा कलश, शाळेच्या भिंतीवर बाराखडी. "असू दे हो, घरचंच काम" असं मीच म्हणायचे. सवय मीच लावली, आता मोडायला निघालेय तर वाईट मीच.

माझ्या हाताचे पैसे न मागता देणारा पंचक्रोशीत एकच माणूस, गणपतीच्या शाळेवाला, म्हणजे मूर्ती घडवणारा. श्रावण लागला की लोक आपापले पाट त्याच्याकडे आणून टाकतात, मातीकाम तो आणि त्याचे मुलगे करतात, रंगही देतात. डोळ्यांची आखणी मात्र माझ्याकडे. मूर्तीमागे ठरलेले पैसे, चतुर्थीच्या आदल्या रात्री रोख. एकदा त्याला विचारलं, घासाघीस कशी करत नाहीस? म्हणाला, "गो, सगळो गणपती मी करतंय. पन तुजी रेघ हलली तर माजो गणपती वाकडो बघतलो. मगे घराक व्हरतलो कोण?"

तर गेल्या वर्षी वाडीतल्याच एका काकीने बोलावलं. गणपती बसतो त्या मागच्या भिंतीवर मोर हवा, आमच्याकडची जुनीच पद्धत. "तुजो हात चांगलो आसा. काय ते पैसे घी." मी आधीच आकडा सांगितला, अडीच हजार. काकी म्हणाली, "होय गो, देतंय मा." दोन दिवस पाटावर उभी राहून काढला. पिसाऱ्यातली एकेक टिकली तीन रंगांत, निळी, आत हिरवी, आत पिवळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिसारा संपला. काका खुर्ची ओढून बसले, मान तिरकी केली, आणि, होय, तेच विचारलं.

मी म्हटलं, रंगाचे साडेपाचशे. पुढचं बोलायच्या आत त्यांनी सहाशे काढून पाटावर ठेवले. "वयले ऱ्हवंदेत, चायपाण्याक."

दोन दिवसांचे पन्नास रुपये. मी काही बोलले नाही. ब्रश धुतले, पुसले, पिशवीत घातले आणि घरी आले. डोळा मी नेहमी शेवटी काढते, तो राहिला तो राहिलाच. सात दिवस त्या घरी भजनं झाली, वाटाण्याची उसळ नि चहा झाला, अख्खी वाडी येऊन गेली, आणि गणपतीच्या मागे हा भलामोठा पिसारा फुलवून आंधळा मोर उभा. येणारा प्रत्येक जण विचारायचा म्हणे, "मोराक डोळो खय?"

काल काकीचा निरोप आला, पुतण्याकडून. औंदा भिंत पुसूक नाय, मोर बरो आसा, फक्त तेवढो डोळो काढून दी. रंग तो किती लागतलो, मोहरीएवढो.

काळ्या रंगाची बाटली घरातच आहे. रंगाचे चार आणेही होणार नाहीत. डोळ्याचे अडीच हजार सांगून पाठवलेत, आधी.