अर्धं तिकीट

उजव्या बरगडीखाली अजून निळं आहे. डॉक्टरकडे जावं तर कसं लागलं ते सांगावं लागणार, आणि ‘उभ्या गाडीत बसताना’ हे उत्तर बावन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडी बरं दिसत नाही. म्हणून घरच्या घरी आंबेहळद चालू आहे. अटलांटात आंबेहळद मिळते, सहानुभूती तेवढी मिळत नाही. बायको लेप लावताना हसते, हसली की तिचा हात हलतो, आणि मग परत दुखतं.

शनिवारी शहरापासून तासाभरावरच्या एका बारमध्ये गेलो होतो. पत्र्याचं छप्पर, पुढे खडी टाकलेलं अंगण, अंगणात पिकअप ट्रक. नाव सांगत नाही, उगाच कशाला. एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या बारवरून घेतलेलं नाव होतं आणि त्या दिवशी तिथे त्याच मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा होता. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला गाड्यांचं वेड आहे. गेलो. एवढंच.

मालिका म्हणजे ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’. 1979 ते 1985, सात हंगाम, 147 भाग. आपल्याकडे ती कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण गोष्ट सांगितली तर कुणीही म्हणेल, हे आमच्याच तालुक्यातलं. काका हातभट्टी लावणारे. बो आणि ल्यूक हे दोन पुतणे ती दारू पोचवताना सापडलेले, त्यामुळे प्रोबेशनवर. बंदूक बाळगायची बंदी, म्हणून तिरकमठा बाळगतात आणि बाणाला डायनामाइट बांधतात. (कायद्याची अशी अंमलबजावणी मी साताऱ्यात पाहिलेली आहे.) विरुद्ध बाजूला बॉस हॉग. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेशुभ्र कपडे, पांढरी हॅट, पुढे पोट, तोंडात सिगार, सगळ्या काउंटीचा कारभार खिशात, फौजदार घरचाच मेहुणा आणि रस्त्यावरचा बारही स्वतःच्याच मालकीचा. आमच्याकडे याला चेअरमन म्हणतात.

आणि गाडी. 1969 ची डॉज चार्जर, भगवी नाही पण त्याच्या आसपासची, दारावर 01, छपरावर अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा झेंडा, त्याच फौजेच्या सेनापतीवरून नाव ‘जनरल ली’. तिचा हॉर्न ‘डिक्सी’ या गाण्याची धून वाजवतो. ही गाडी जवळजवळ प्रत्येक भागात ओढ्यावरून, कुंपणावरून, कधी पोलिसांच्या गाडीवरूनच उडी मारते. पहिली उडी नोव्हेंबर 1978 मध्ये इथेच जॉर्जिया राज्यात ऑक्सफर्ड नावाच्या गावात, कॉलेजच्या आवारात मारली. पुढे इंजिन जड, म्हणून हवेत नाक खाली जाऊ नये यासाठी डिकीत वजन भरत. तरी उतरल्यावर ती गाडी बहुधा कामातून गेलेली असायची. अशा तीनशेच्या आसपास गाड्या मालिकेने खाल्ल्या असं सांगतात. जॉर्जियात चित्रीकरण झालं ते पहिल्या पाच भागांचं, कव्हिंग्टनच्या परिसरात. मग सगळं बिऱ्हाड कॅलिफोर्नियाला गेलं. पण पाच भागांवर इथली माणसं अजून जगतात. त्या पाच भागांत बार म्हणून दाखवलेल्या इमारतीत नंतर चर्च आलं, म्हणजे तिथली गर्दी हटलीच नाही.

मुद्दा असा की या गाडीची दारं वेल्डिंग करून बंद केलेली असतात. आत शिरायचं ते खिडकीतून.

अंगणात तशीच रंगवलेली एक गाडी उभी होती. आत बसून फोटो, दहा डॉलर. बारा वर्षांखालच्यांना फुकट. मुलगा फुकटात खिडकीतून आत गेला, फोटो झाला, बाहेर आला, आणि म्हणाला, “बाबा, आता तुम्ही.” मी म्हटलं नको. तो म्हणाला, “तुम्हाला जमणार नाही का?” बापाला दहा डॉलरला पाडायचं असेल तर एवढं वाक्य पुरतं.

आता मला एक सांगायचं आहे. खिडकीतून गाडीत शिरणं हा आमच्या घराण्याचा हुन्नर आहे. दिवाळीच्या सुट्टीत सातारा स्टँडवर एसटी लागायची, दारात चाळीस माणसं एकमेकांत अडकून बसलेली असायची, आणि मामा मला बगलेत धरून मागे न्यायचा. तिथे लाल अक्षरात ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं लिहिलेलं असायचं. आम्ही तो आत जाण्यासाठी वापरायचो. मामा मला डोक्याकडून आत लोटायचा. मी सीटवर आडवा पडून तीन जागा अडवायचो आणि ‘इथे माणूस आहे’ असं ओरडायचो. त्या वयात मी तीन माणसांएवढा होतो. आता एकटाच तेवढा आहे.

तर सवयीने मी डोकं आधी घातलं.

डोकं गेलं, खांदे गेले, छाती गेली. पोट खिडकीच्या पट्टीवर आलं आणि तिथे थांबलं. पाय बाहेर, जमिनीपासून वीतभर वर. आधार म्हणून हात पुढे टाकला तर कोपर डॅशबोर्डखालच्या कुठल्याशा बटणावर पडलं आणि गाडीने खणखणीत आवाजात ‘डिक्सी’ वाजवली. बारा सूर. अंगणातली सगळी माणसं एका सुरात ‘यीऽऽहा’ ओरडली. मी दचकलो, कोपर परत पडलं, परत बारा सूर, परत यीऽऽहा.

मान वर केली तर पलीकडच्या खिडकीत एक चेहरा होता. घडीच्या खुर्चीत बसलेले, सत्तरी उलटलेले एक आजोबा. डोक्यावर टोपी, मांडीवर ओली कागदी पिशवी, पिशवीत उकडलेल्या शेंगा. जॉर्जियात रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकतात, आणि या राज्यावर माझा जो काही जीव आहे तो त्या शेंगांमुळे आहे. आजोबा बहुधा सकाळपासून त्याच जागी बसून याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांचं इंग्रजी इतकं सावकाश, इतकं हेल काढून होतं की माझ्या कानात ते सरळ कोरेगावच्या बाजारातलं होऊन शिरत होतं. तसंच लिहितो.

“डोस्कं आदी घातलंस व्हय?” आजोबा म्हणाले.

“हो.”

“कुनी सांगितलं?”

“आमच्याकडे तसंच घालतात.”

त्यांनी एक शेंग फोडली, विचार केला. “बोनं कदी डोस्कं आदी घातलं न्हाय. ल्यूकनं बी न्हाय. पाय आदी. एक हात टपावर, आन् पाय.”

“आता कळलं. बाहेर कसं यायचं?”

“भाईर?” हा प्रश्न त्यांना नवा होता. “भाईर येताना दाखवत न्हाईत जास्ती.”

मी हललो. बारा सूर. यीऽऽहा.

“दम खा,” आजोबा म्हणाले. “श्वास सोड. परवाच्या साली एक बाई अडाकली हुती. तुज्यापरास बारीक.”

हे सांगायची गरज होती का? पण ते आता रंगात आले होते. मला वेळ आहे आणि मी कुठे जात नाही, हे दोन्ही त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, मला सगळ्यांत कोण आवडतं. मी मालिकेचे यूट्यूबवर दोन तुकडे पाहिले होते. नाव आठवेना, म्हणून शुक्रवारी रात्री कुठेतरी वाचलेलं एक ठोकून दिलं. “कॉय,” म्हटलं.

आजोबांचं चघळणं थांबलं.

झालं असं होतं की 1982 मध्ये बो आणि ल्यूक करणारे दोन्ही नट खेळणी, डबे, टी-शर्ट यांच्या विक्रीतल्या वाट्यावरून भांडून मालिका सोडून गेले. निर्मात्यांनी त्यांच्या जागी कॉय आणि व्हान्स असे दोन नवे चुलतभाऊ आणून बसवले. एक काळ्या केसांचा, एक सोनेरी, त्याच मापाचे, जणू प्रेक्षकांना कळणारच नाही. आपल्या मालिकांत निदान खाली पट्टी येते, ‘आजपासून ही भूमिका अमुक करतील’. इथे बो आणि ल्यूक मोटार शर्यतीत गेले असं सांगून मोकळे. लोकांनी पाहणं कमी केलं, आणि 1983 मध्ये मूळचे दोघे परत आले.

“ते आमच्यातले न्हाईत,” आजोबा म्हणाले. लग्नाच्या बैठकीत म्हणतात तसं म्हणाले. मग पुढे वाकून, आवाज खाली आणून, “त्या सालात मी टीव्हीला हात लावला न्हाय. बायकूला सांगितलं, ह्या घरात कॉयचं नाव निघनार न्हाय.”

मी माफी मागितली. पोटावर लोंबकळत असताना माणूस कशाचीही माफी मागतो. त्यांना ती पटली असावी, कारण त्यांनी एक शेंग सोलली, हात खिडकीतून आत घातला आणि म्हणाले, “आ कर.”

मी आ केलं. शेंग चांगली होती, हे इथे नमूद करतो. मीठ किंचित जास्त.

आता जे सांगतो ते बायकोला सांगितलेलं नाही. शेंग चावता चावता आजोबा वर, टपाकडे बोट करून म्हणाले, “लोकं ह्या रंगाचं लई मनावर घेत्यात. गाडी हाय ती. गाडीला काय कळतंय?”

याला माझ्याकडे उत्तर होतं. आदल्याच दिवशी ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मी उत्साहाने सांगितलं होतं, उद्या मुलाला गाड्या दाखवायला नेतोय. तो कृष्णवर्णीय आहे, इथलाच, माझ्याच वयाचा. म्हणाला, लहानपणी तो दर शुक्रवारी ती मालिका बघायचा, तीच खेळण्यातली गाडी होती त्याच्याकडे. एक दिवस आजीने ती उचलली, टपावर काय आहे ते पाहिलं आणि काही न बोलता फडताळावर वर ठेवून दिली. परत दिली नाही. मग तो म्हणाला, “मजा करा,” आणि स्क्रीनकडे वळला. हा झेंडा 1956 पासून 2001 पर्यंत जॉर्जियाच्या राज्यध्वजातच होता. 2015 मध्ये हाच झेंडा मिरवणाऱ्या एका गोऱ्या तरुणाने चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना मारलं, तेव्हा कुठे एका वाहिनीने या मालिकेचं पुनःप्रसारण थांबवलं. हे सगळं मला माहीत होतं. दहा डॉलर मोजतानाही माहीत होतं. गाडीला कळत नाही, पण गाडीवर ते रंगवणाऱ्याला कळत होतं की नाही, एवढंच विचारायचं होतं. तोंडात त्यांचीच शेंग होती. नुसती मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, देव जाणे.

शेवटी मला बाहेर काढलं ते दोन बॉस हॉगनी. वेशभूषा स्पर्धेत पाचेक होते, त्यातले दोन आले, सिगार खाली ठेवले आणि एकेक पाय धरला. साखर कारखान्याचे दोन चेअरमन मिळून एका सभासदाला ओढतायत असं ते दृश्य होतं. निघताना बरगडी पट्टीवर घासली, आणि शेवटची बारा सुरांची सलामी झाली.

मी सरळ टेबलावर गेलो. फोटो आत बसून काढायचा होता, आत बसलोच नाही, पैसे परत द्या. टेबलावरच्या बाई गोड होत्या. दर वाक्याला ‘हनी’. म्हणाल्या, फोटो तर काढलाय, हनी. दाखवला. दारावरचा 01, छपरावर तो झेंडा, आणि दोहोंच्या मधोमध माझी पँट.

“पण मी आत गेलोच नाही!”

बाईंनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. आजोबा खुर्ची उचलून मागोमाग आले होते. साक्षीला.

“निम्मा गेलता,” ते म्हणाले. “म्या सोता बघितला.”

बाईंनी क्षणभर हिशेब केला. मग एक कूपन काढलं, पेनने त्यावर मोठ्ठं ‘½’ लिहिलं, सही केली आणि माझ्या हातात ठेवलं. रोख परत देत नाहीत. पुढल्या वर्षी येऊन उरलेला अर्धा आत जा. एसटीत मी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत बाराचा म्हणून अर्धं तिकीट काढत होतो, कंडक्टर संशयाने बघायचा. ते सगळं इथे वसूल झालं.

व्हिडिओ मुलाने गाडीतूनच घरच्या ग्रुपवर टाकला होता. घरी पोचेपर्यंत सासूबाईंचं उत्तर आलं होतं: ‘जावईबापूंना भात कमी द्या.’ मामाने, तोच मामा, त्र्याऐंशी वर्षांचा, त्याने फक्त एवढं लिहिलं: ‘ढकलणारं कुणी नव्हतं का?’

सोमवारी ऑफिसात शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, कसं झालं. म्हटलं, उकडलेल्या शेंगा झकास होत्या. तो म्हणाला, हां, त्या असतातच.

कूपन पाकिटात आहे. बायको म्हणते टाका. पण पाच डॉलर म्हणजे चारशेच्या वर रुपये होतात, टाकवत नाहीत. त्याच्या एका बाजूला ते ‘½’ आहे आणि दुसऱ्या बाजूला वरून काढलेलं गाडीचं चित्र, सगळं टप दिसेल असं. म्हणून ती बाजू आत करून घडी घातली आहे, आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये पैसे देताना पाकीट थोडं आडोशाला धरतो.